डिकीतले पाणी आणि तांबड्या मातीची रेघ

जुलैमध्ये खानापूरहून तांदळाचे पोते घेऊन बेळगावला आलो आणि पोते उतरवताना त्याचा तळ हाताला ओला लागला. गाडी २००४ सालची सेडान, वडिलांनी घेतलेली आणि म्हणूनच मला जपायची असलेली. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनी काढली, तेव्हा तिच्या खळग्यात दोन-अडीच लिटर पाणी साचलेले होते आणि जॅकचा स्क्रू गंजून गेला होता. आदल्या वर्षी एका गॅरेजमध्ये डिकीच्या रबरी बीडिंगभोवती सिलिकॉन भरून घेतले होते. ते जागच्या जागी होते, तरीही पाणी येतच होते.

पाणी जिथे साचते तिथूनच ते शिरते, ही समजूत इथे घात करते. पत्र्याच्या सांध्यांमधून आणि वायरिंगच्या जुडग्यावरून ओघळत ते सर्वांत खोल जागी, म्हणजे स्टेपनीच्या खळग्यात उतरते. शिरण्याच्या वाटा अनेक असतात: बीडिंग, टेललाइटमागचे पॅकिंग, छताच्या कडेच्या पट्टीखालचा सांधा, मागच्या काचेची कड, नंबर प्लेटच्या दिव्याच्या वायरभोवतीचे रबरी कडे, म्हणजे ग्रोमेट. पुष्कळ गाड्यांत मागच्या बंपरआड हवेच्या झडपाही असतात, कारण दार लावताना आतली हवा कुठून तरी बाहेर जावी लागते; त्यांची कड सुटली की चाकांनी उडवलेले पाणी थेट आत येते.

पाण्याचा पाइप हातात घेण्यापूर्वी मी डिकीचे सगळे अस्तर काढले, आणि तेच उपयोगी पडले. खानापूरकडची तांबडी माती पाण्याबरोबर आत येऊन वाळली होती आणि डाव्या टेललाइटखाली तिची बारीक रेघ उमटली होती. मग पत्रा पुसून कोरडा केला, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली, मागची सीट पाडून भाच्याला टॉर्च घेऊन आतल्या बाजूने बसवले आणि बाहेरून पाण्याची सौम्य धार सोडली. धार खालून वर न्यावी आणि प्रत्येक जागेला चार-पाच मिनिटे द्यावीत. सुरुवातच छतापासून केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि वाट कळत नाही. जोराच्या फवाऱ्याने तर पावसाचे पाणी जिथे कधी पोहोचत नाही तिथेही पाणी घुसते. टेललाइटवर धार धरताच आतून आवाज आला, “मामा, पावडर भिजली!” तिथेच थांबलो असतो तर अर्धेच काम झाले असते, कारण धार वर नेल्यावर मागच्या काचेजवळ, छताच्या पट्टीच्या टोकाशी दुसरी गळती सापडली.

टेललाइटचे काम घरीच झाले. फोमचे पॅकिंग दबून कडक झाले होते. ते खरवडून ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबराची पट्टी, लावली आणि नट आळीपाळीने, सारख्या ताणाने आवळले, नाहीतर दिव्याचे प्लॅस्टिक तडकते. पट्टीखाली मात्र सीलरला भेगा पडून पत्रा गंजला होता, म्हणून उद्यमबागेजवळच्या टिंकरिंगवाल्याकडे गेलो. त्याने तारेच्या ब्रशने गंज काढून प्रायमर मारला, पॉलियुरेथेन सीलर भरला आणि वरून रंग दिला. पत्र्याच्या सांध्यात साधे सिलिकॉन भरू नये, असे मला आता आग्रहाने सांगावेसे वाटते: व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते, त्याने उघडा पत्रा गंजतो, आणि पुढे त्या जागी रंगही धरत नाही.

बीडिंग तपासायला कागदाची पट्टी पुरते. पट्टी अडकवून डिकी लावावी आणि ओढून पाहावी. सहज निसटली तर तिथे रबर दाबले जात नाही. माझे ठीक निघाले. स्टेपनीच्या खळग्यातले रबरी बूच काढून ठेवा, पाणी आपोआप जाईल, असा सल्लाही मिळाला होता, पण त्या भोकातून रस्त्यावरचे पाणी आत येते, म्हणून बूच परत घट्ट बसवले.

गालिचा पंख्याखाली तीन दिवस वाळवला. त्यानंतर डिकीत वर्तमानपत्र अंथरून जांबोटीमार्गे चोर्ला घाटापर्यंत भर पावसात जाऊन आलो, तेव्हा कागद कोरडा होता. उजव्या टेललाइटचे पॅकिंग तितकेच जुने आहे. ते दिवाळीआधी बदलणार आहे.