१३बी हँगरनोंद: कूलर तोच, तेल ११२ वरून ९७ वर

मागच्या नोंदीपर्यंत परिस्थिती अशी होती की चढताना इंजिनाचं तेल ११२ अंश सेल्सियसला टेकायचं आणि मला ३००० फुटांच्या आतच नाक खाली करून थ्रॉटल मागे घ्यावा लागायचा. परवा दुपारी, बाहेर ३३ अंश असताना, तेच विमान पूर्ण पॉवरवर चढवलं. तेल ९७ ला आलं आणि तिथेच थांबलं. ५५०० फुटांपर्यंत मी त्या आकड्यावरून नजर हलवली नाही.

नव्यांसाठी थोडक्यात: विमान आरव्ही-७ (किटमधून बांधायचं छोटं विमान), इंजिन दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ या गाडीतलं माझदाचं १३बी, म्हणजे पिस्टनऐवजी रोटर फिरणारं रोटरी; पुढे पंख्याचा वेग कमी करणारा २.८५ ला १ गिअरबॉक्स. मुक्काम उत्तर टेक्सास. चाचणी-उड्डाणांच्या ४० तासांपैकी १४ झाले आहेत. सेन्सर तेलाच्या वाटेत कूलरनंतर, फिल्टरच्या बैठकीत आहे, म्हणजे मी सांगतोय ते इंजिनात शिरणाऱ्या तेलाचं तापमान. तुलना करताना आपापला सेन्सर कुठे आहे ते आधी बघा, नाहीतर आकडे जुळणार नाहीत. माझी लाल रेघ, म्हणजे कमाल मर्यादा, इथे ९९ ला आहे.

रोटरीत तेलाला इतकं महत्त्व का, हे पिस्टनवाल्या मित्रांना दर वेळी समजावावं लागतं. रोटर आतून पोकळ असतो. रोटर ज्यावर बसतात त्या एक्सेंट्रिक शाफ्टमधल्या जेटमधून तेल त्या पोकळीत उडतं, ताक घुसळावं तसं भिंतींवर घुसळलं जातं आणि उष्णता घेऊन संपमध्ये (तळाच्या तेलटाकीत) पडतं. पाणी फक्त हाउसिंगमधून (बाहेरच्या कवचातून) फिरतं, रोटरपर्यंत ते पोचत नाही. त्यामुळे कूलिंगच्या एकूण भारापैकी साधारण एक तृतीयांश तेलाच्या वाट्याला येतो. तेल फार तापलं की रोटरवर तेल अडवणाऱ्या ऑइल कंट्रोल रिंगांच्या मागच्या रबरी ओ-रिंग कडक होतात, आणि त्या बदलायच्या तर अख्खं इंजिन उघडावं लागतं.

पर्याय तीन होते. पहिला, पाणी-तेल हीट एक्सचेंजर. पहिल्या पिढीच्या काही आरएक्स-७ मध्ये माझदाने तो वापरलाही होता. थंडीत तेल लवकर तापतं, काउलमध्ये (इंजिनावरच्या आवरणात) आणखी एक भोक पाडावं लागत नाही, म्हणून मला तो मनापासून आवडतो. पण हिशेब मांडला की अडतं: तेलाचा एक तृतीयांश भार पाण्यावर टाकला तर रेडिएटरला दीडपट काम करावं लागेल. शिवाय ज्या पाण्याने थंड करायचं तेच ८५-९० अंशांचं, मग फरक उरतो किती? माझ्या रेडिएटरमध्ये तेवढी ताकद नाही. दुसरा पर्याय, आरएक्स-८ सारखे दोन छोटे कूलर, एकेका बाजूला. फिटिंग दुप्पट, होज दुप्पट, गळतीच्या जागा दुप्पट. तिसरा, आहे तो मूळचा जाडजूड कूलर ठेवायचा आणि हवेची वाट सुधारायची. याच्या आत थर्मोस्टॅट आहे, आणि थंड घट्ट तेलाचा दाब सोसायला तो बनवलेलाच आहे.

कूलर लहान पडतोय असंच मला महिनाभर वाटत होतं. मोठा मागवायच्या बेतात होतो. त्याआधी एकदा मोजून बघावं म्हणून फळीवर पारदर्शक नळीचा यू बसवला, पाण्यात खाण्याचा लाल रंग टाकला, एक टोक कूलरच्या पुढे, दुसरं केबिनच्या स्टॅटिकला, म्हणजे बाहेरच्या स्थिर हवेच्या दाबाच्या नळीला, जोडलं. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे दाब. पुढच्या खेपेला तेच टोक कूलरच्या मागे. फळीसमोर फोन बांधून व्हिडिओ घेतला आणि आकडे जमिनीवर येऊन वाचले.

ताशी १६० किमीला, म्हणजे चढताना, समोरच्या हवेचा दाब पाण्याच्या सुमारे १२० मिमी इतका असतो. २९० किमीला तो ४०० च्या घरात जातो. क्रूझला, म्हणजे सपाट वेगवान उड्डाणात, तेल शांत आणि चढताना पेटलेलं का, ते इथेच कळतं: पॉवर सर्वात जास्त लागते तेव्हाच हवा सर्वात कमी. माझ्याकडे त्या १२० पैकी कूलरच्या पुढे पोचत होते ४५. आणि मागे, खालच्या काउलमध्ये, ३० मिमी साचलेले. म्हणजे कूलरमधून हवा ढकलायला उरले फक्त १५. असल्या दाबात दुप्पट कूलर लावूनही काय झालं असतं?

दोष तीन निघाले. कूलरपर्यंत हवा आणणारा डक्ट तोंडापासून इतका झपकन फाकत होता की हवा भिंत सोडून मधूनच जायची. कूलरच्या कडेने बोटभर फट होती, आणि हवा जाळीतून जाण्यापेक्षा फटीतून जाणारच. आणि काउलचं हवा बाहेर सोडणारं खालचं तोंड अरुंद होतं.

डिफ्यूझरवर, म्हणजे त्या फाकत जाणाऱ्या डक्टवर, तीन शनिवार गेले. आधी सौम्य आणि शेवटी, कूलरच्या जाळीच्या अगदी जवळ, झपाट्याने फाकणारा घंटेसारखा आकार घेतला. क्युखेमान-वेबर डक्ट म्हणून आपल्या मंडळींना तो ठाऊक आहे. गुलाबी फोम करवतीने कापला, सॅंडपेपरने घासत राहिलो, डोळे मिटून बोट फिरवल्यावर कुठे उंचवटा लागत नाही इथपर्यंत. मग त्यावर काचकापडाचे तीन थर आणि इपॉक्सी. सुकल्यावर आतला फोम खरवडून काढला. कूलरच्या चारही कडांना सिलिकॉन रबराची पट्टी लावली, दाब वाढला की ती आपोआप घट्ट बसते. खालच्या तोंडाची ओठी ३५ मिमी पुढे वाढवली.

पुन्हा मोजलं: पुढे ९२, मागे १४. पंधराचे अठ्ठ्याहत्तर झाले. तो व्हिडिओ मी बायकोला दोनदा दाखवला.

याच उघडझापेत आणखी दोन गोष्टी उरकल्या. कूलर आधी तोंडं खाली करून बसवला होता, वरच्या भागात हवा अडकून राहायची. आता तोंडं वर. आणि शाफ्टच्या पुढच्या टोकातली थर्मल पेलेट काढून घन तुकडा टाकला. ती पेलेट तेल तापेपर्यंत रोटरच्या जेटचा दाब कमी ठेवते. हवेत ती निकामी झाली तर रोटर तापतील आणि गेजवर काही दिसणार नाही. विमानात मला ती नको.

जुना कूलर विकत घेणाऱ्यांना विनंती: बेअरिंग गेलेल्या इंजिनावरचा कूलर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. आतल्या टर्ब्युलेटरमध्ये (तेल घुसळणाऱ्या पात्यांमध्ये) अडकलेला धातूचा कीस कितीही धुतलात तरी पूर्ण निघत नाही.

आता नवी अडचण. सकाळी १६ अंशांत क्रूझला तेल ७२ वर बसलं. इतक्या गार तेलातून पाण्याचा अंश उडून जात नाही. म्हणून बाहेरच्या तोंडाला झडप करतोय: चढताना उघडी, क्रूझला मिटलेली. पियानो हिंज (लांब पट्टीची बिजागरी) कापून ठेवलंय, झडप हलवायला ट्रिमचा जुना सर्वो (छोटी मोटर) घरात आहे. पत्रा ०.०३२ इंची घेतलाय. वाऱ्यात तो थरथरेल अशी शंका आहे, म्हणून मागून एक पन्हळ मारणार आहे. कुणी अशी झडप केली असेल तर उघडण्याचा कोन किती ठेवलात ते कळवा. मी तूर्त ३० अंश धरलाय.