पंपिंग साठ टक्के, तरी दम का लागतो?

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, संपते, पेशंट टेबलावरून उठून अजून पदर सावरत असते, तोवर दाराशी उभा असलेला मुलगा विचारतो, "मॅडम, पंपिंग किती आहे?" मी साठ म्हणाले की निम्म्या लोकांचे चेहरे उतरतात. शंभरातले चाळीस गेले, असा हिशेब मनातल्या मनात झालेला असतो.

म्हणून आधी तो हिशेब. हृदयाची डावी जवनिका, म्हणजे खालचा डावा कप्पा, पूर्ण भरते तेव्हा तिच्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त असतं. एका ठोक्याला त्यातलं ७० मिलिलिटर महारोहिणीत, म्हणजे शरीरभर रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिनीत जातं, ५० आतच राहतं. १२० पैकी ७० म्हणजे अठ्ठावन्न-साठ टक्के. धडधाकट हृदयाचं पंपिंग एवढंच असतं, शंभर टक्के कुणाचंच नसतं. हे सांगितलं की चेहरे खुलतात आणि मग खरा प्रश्न येतो. "मग आईला दम का लागतो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पंपिंगचा आकडा हृदय रिकामं किती होतं तेवढंच सांगतो. ते भरतं कसं, किती सहज भरतं, आतला दाब किती वाढवून भरतं, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिशियन म्हणून काम करते. दम लागतो म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये हृदय रिकामं होण्यापेक्षा भरण्यात बिघाड असलेल्या पुष्कळ असतात. या भरण्याबद्दल लोकांशी कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मिनिटाला ७५ ठोके पडत असतील तर एका ठोक्याचं पूर्ण चक्र ०.८ सेकंदाचं. त्यातले ०.३ सेकंद जवनिका आवळलेल्या असतात आणि ०.५ सेकंद सैल. स्टेथोस्कोप लावून नीट ऐकलं तर हे कानालाही कळतं. 'लब' आणि 'डब' जवळजवळ येतात आणि पुढच्या 'लब'पर्यंत मोठी शांतता असते. सगळं भरणं त्या शांततेत उरकायचं असतं.

इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेच्या आधी युरोपातले वैद्य गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या परंपरेत शिकलेले होते. हृदय फुलतं तेव्हा काम करतं, ते रक्त ओढून घेतं, अशी त्यांची समजूत होती. हार्वेने जिवंत प्राण्यांची हृदयं पाहिली. कुत्र्यासारख्या प्राण्याचं हृदय इतकं भरभर चालतं की आवळणं कुठे संपलं आणि फुलणं कुठे सुरू झालं, हे डोळ्याला कळत नाही. म्हणून त्याने बेडूक, साप, लहान मासे यांची संथ हृदयं निवडली, मरणाला टेकलेल्या प्राण्यांची मंदावलेली हृदयं पाहिली. हृदय आवळताना कडक होतं, छातीवर आपटतं आणि रक्त बाहेर लोटतं, हे त्याने दाखवून दिलं. साल १६२८. त्याचं म्हणणं बरोबरच होतं. पण त्यानंतर फुलणं म्हणजे रिकामा वेळ असा समज आमच्या डोक्यात बसला. आम्ही शिकत होतो तेव्हाही आकुंचनावर पानंच्या पानं असायची आणि प्रसरण दोन ओळींत संपायचं.

वास्तविक सैल पडायलाही ऊर्जा लागते. हृदयाच्या स्नायूपेशीत कॅल्शियम सुटलं की दोन प्रकारचे प्रथिनांचे धागे एकमेकांना पकडतात आणि पेशी आखडते. ही पकड सोडवायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होतो. मोकळं झालेलं कॅल्शियम उचलून परत त्याच्या साठ्यात भरायलाही एटीपी खर्च होतो. हृदयाच्या पेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग हे इंधन बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांनी व्यापलेला असतो, तो उगाच नाही. म्हणूनच हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडला की पहिल्यांदा बिघडतं ते सैल होणं. आवळणं त्यानंतर बिघडतं, ईसीजी त्याच्याही नंतर बदलतो आणि छातीत दुखायला लागतं ते बहुधा सर्वांत शेवटी.

इकोवर मला अजूनही थक्क करणारी गोष्ट म्हणजे पीळ. डाव्या जवनिकेच्या स्नायूचे धागे सरळ नसतात, ते तिरपे गुंडाळलेले असतात. आतल्या थरात एका दिशेला, बाहेरच्या थरात उलट दिशेला. त्यामुळे आवळताना हृदयाचं टोक एकीकडे फिरतं आणि वरची बाजू दुसरीकडे. ओलं लुगडं दोघींनी दोन टोकांना धरून पिळावं तसं. पिळण्यात साठलेला जोर सोडल्याबरोबर उलगडतो आणि त्या उलगडण्याने जवनिकेतला दाब इतका झटकन उतरतो की वरच्या कप्प्यातलं, म्हणजे कर्णिकेतलं रक्त खाली ओढलं जातं. म्हणजे फुलताना हृदय रक्त ओढून घेतं, हा जुन्या वैद्यांचा तर्क थोडासा तरी खरा होता.

डावी कर्णिका आणि डावी जवनिका यांच्यामधल्या मायट्रल झडपेपाशी डॉप्लर, म्हणजे इकोवर रक्ताचा वेग मोजायची सोय, धरला की प्रत्येक ठोक्याला पडद्यावर दोन शिखरं उमटतात. पहिलं 'ई', ते या ओढीचं. मग क्षणभर काही नाही. आणि शेवटी 'ए', म्हणजे कर्णिका स्वतः आवळून उरलेलं रक्त खाली ढकलते ते. विशीतल्या मुलीत ई उंच आणि ए ठेंगणं असतं. वय वाढतं तसं ई खाली येतं आणि ए वर चढतं. जवनिकेची ओढ कमी झाली, म्हणून कर्णिका जास्त जोर लावते. अशा ताठर झालेल्या हृदयात एट्रियल फिब्रिलेशन सुरू झालं, कर्णिका नुसत्याच थरथरू लागल्या, की ए नाहीसं होतं आणि कालपर्यंत घर सांभाळणारी बाई एका रात्रीत धापा टाकत दवाखान्यात येते.

त्या अर्ध्या सेकंदात आणखी एक काम होतं. हृदयाला स्वतःचं रक्त पोचवणाऱ्या दोन कोरोनरी रोहिण्या महारोहिणीच्या मुळाशी, झडपेच्या अगदी वर निघतात. डावी जवनिका आवळलेली असते तेव्हा तिच्या भिंतीतल्या बारीक वाहिन्याही दाबल्या जातात, म्हणून त्या भिंतीला मिळणारं बहुतेक रक्त ती सैल असतानाच पोचतं. शिवाय आलेल्या रक्तातला सत्तर टक्क्यांच्या वर ऑक्सिजन हृदय विश्रांतीच्या वेळीही काढून घेतं. गरज वाढली तर त्याच रक्तातून जास्त काढायला फारसं काही उरलेलं नसतं, रक्तच जास्त यावं लागतं. ठोके मिनिटाला १५० झाले की एक चक्र ०.४ सेकंदाचं होतं. आवळण्याचा वेळ त्यात थोडाच घटतो, बहुतेक कपात सैल पडण्याच्या वेळात होते. अर्ध्या सेकंदाचे ०.२ सेकंदही उरत नाहीत.

हे आकडे पुस्तकात वाचताना नुसते आकडे वाटतात. माझ्यासाठी ते खरे झाले ते ऊसतोडीच्या बायकांमुळे. एकीबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटतात तशा बीडकडच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात. तिला सातवा महिना होता, सोबत नवरा आणि सासू. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढलं की धाप लागायची, मग चालतानाही लागू लागली. कुठेतरी दम्याचा पंप मिळाला होता, तो ओढून काही फरक नव्हता. मी विचारलं, "ताई, झोप लागते का?" ती म्हणाली, "आडवं पडलं की दम कोंडतोय मॅडम. रातभर बसून ऱ्हाते, कुडाला टेकून."

नाडी १२०. लहानपणी सांधे सुजायचे का, असं विचारलं तेव्हा सासू गप्प राहिली, पण सुनेला आठवत होतं. "शाळंत होते तवा गुडघं धरायचं, मग घोटं. आई म्हणायची वारं हाय, जाईल." वारं गेलं होतं, पण हृदयाला धरून गेलं होतं. घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो, त्याच्याशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि झडपांवर उलटते, हा संधिवाताचा ताप. सांधे काही आठवड्यांत बरे होतात, मायट्रल झडपेची पानं मात्र वर्षानुवर्षं जाड होत, कडेला एकमेकांना चिकटत जातात. निरोगी झडप उघडते तेव्हा तिचं तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतं. तिचं एक चौरस सेंटिमीटरही नव्हतं. आणि पंपिंग? साठ टक्के.

एवढ्याशा तोंडातून रक्त खाली उतरायला वेळ लागतो. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि ठोकेही वाढतात. म्हणजे उतरायचं रक्त जास्त, उतरायला वेळ कमी. न उतरलेलं रक्त डाव्या कर्णिकेत तुंबतं, मागे फुप्फुसांत दाब चढतो आणि तिथे पाणी साचायला लागतं. आडवं झालं की पायांतलं रक्तही छातीकडे येतं आणि हाल आणखी वाढतात. म्हणून ती कुडाला टेकून रात्री काढत होती.

तिच्या हृदयाला जोर देणारं औषध देऊन उपयोग नव्हता, त्याला वेळ द्यायला हवा होता. ठोके मंदावणारी मेटोप्रोलॉलची गोळी, लघवीवाटे पाणी काढणारं औषध आणि पूर्ण विश्रांती. नाडी ऐंशीवर आली तेव्हा ती एका उशीवर झोपली. पुढे मोठ्या रुग्णालयात मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडली. १९८२ साली जपानमध्ये कानजी इनोउए यांनी ही पद्धत पहिल्यांदा वापरली. छाती न उघडता, कर्णिकांमधल्या पडद्यातून फुगा पलीकडे नेतात आणि झडपेत फुगवतात, चिकटलेल्या कडा सुट्या होतात. पोटावर शिशाचं आवरण ठेवून गरोदर बाईतही हे करता येतं. तिची प्रसूती वेळेवर झाली, मुलगी झाली.

पण काम इथे संपत नाही. असा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. जिचं अर्धं वर्ष गावात आणि अर्धं वर्ष फडात जातं, तिने ते कुठे घ्यायचं? मी आता अशा प्रत्येकीला तारखा लिहिलेलं कार्ड देते, त्यावर झडपेचं निदान मोठ्या अक्षरात लिहिते, आणि जमलं तर मुकादमाशीही बोलते. उचल घेताना अंगठा कुठे उठवायचा हे ज्यांच्या लक्षात राहतं, त्यांच्या इंजेक्शनची तारीखही टोळीत कुणीतरी लक्षात ठेवलीच पाहिजे.

दुसरा गट वयस्क बायकांचा. सत्तरीच्या आसपासच्या आजी, वीस वर्षांचं बीपी, सोबत साखर आणि वजन. गोळी अधूनमधून, कारण "परवा मोजलं तर नॉर्मल होतं, मग कशाला?" गोळीमुळे नॉर्मल होतं, आजी. वर्षानुवर्षं जास्त दाबाविरुद्ध रक्त लोटून डाव्या जवनिकेची भिंत जाड होते. बायकांत ती साधारण नऊ मिलिमीटरपर्यंत असते, यांची तेरा-चौदा भरते. जाड भिंत आवळते छान, म्हणून पंपिंग पासष्ट येतं. पण ती ताठर असते, सैल व्हायला वेळ लावते, आणि तिला भरण्यासाठी डाव्या कर्णिकेला सतत वाढीव दाब सोसावा लागतो. ती कर्णिका ताणून मोठी झालेली दिसली की मला आजींच्या गेल्या कित्येक वर्षांचा अंदाज येतो. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय शरीराची गरज भागवायला कमी पडतं त्या आजाराच्या, साधारण निम्म्या पेशंटांचं पंपिंग असं चांगलं असतं. त्यांना "हृदय उत्तम आहे, वयामुळे होतंय" असं सांगून परत पाठवणं हा अन्याय आहे.

बीपी काबूत ठेवणं, पापड-लोणच्यातलं मीठ कमी करणं आणि लघवीची गोळी यांपलीकडे आमच्या हातात फार काही नव्हतं. २०२१ आणि २०२२ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहाच्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. चांगलं पंपिंग असलेल्या हार्ट फेल्युअरमध्येही त्यांनी रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण घटवलं, साखर असो वा नसो. अर्थात सुरू करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.

रिपोर्टवर 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन', म्हणजे सैल होण्यात सुरुवातीचा बिघाड, असं वाचून घाबरलेले लोकही बरेच येतात. साठीनंतर ही ओळ फार जणांच्या रिपोर्टवर असते. दम नाही, सूज नाही, कर्णिका मोठी नाही, तर तेवढ्यावरून काही होत नाही. बीपी तपासत राहा आणि चालत राहा.

दम लागत असेल तर मात्र इकोला येताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्या आणा, आणि एवढं बघून या: दम चढ चढताना लागतो की आडवं झाल्यावर, रात्री किती उशा लागतात, संध्याकाळी चप्पल घट्ट होते का, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं का. लहानपणी सांधे सुजले होते का, हे आई हयात असेल तर तिला विचारा.