आईची एकही साडी नाही

रविवार, रात्री

आज दिवसभर एका गोष्टीनं जीव खाल्लाय, आणि ती कुणाला सांगावी इतकी मोठीही नाही. अक्कांच्या, म्हणजे आजीच्या, वाकळेत, त्या जुन्या कपड्यांच्या गोधडीत, आईचं काहीच नाही. साडी नाही, ब्लाउजचा तुकडासुद्धा नाही.

दादानं घर आवरताना वाकळ माझ्याकडे पाठवली. वहिनी फोनवर म्हणाली, "तुम्हीच शिवता ना असलं, तुम्हालाच ठेवा." असो. कडा पार विरल्या होत्या, म्हणून दुरुस्तीसाठी एका बाजूचा धावदोरा काढला आणि मग थर उलगडतच बसले. वर आणि खाली अक्कांचं हिरवं इरकली लुगडं, लाल टोपपदर अजून ओळखू येतो. नऊ वार म्हणजे आठ मीटर कापड, एका लुगड्यात दोन्ही अंगं निघतात. आत नानांचं धोतर, आत्याचे परकर, काकांचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, दादाचा शाळेचा सदरा. माझा चौकड्यांचा फ्रॉक, खिशासकट. शेतावरच्या गड्याचा पटकासुद्धा होता. पटका हाताला लागला आणि मी थांबले. पुन्हा पहिल्यापासून एकेक थर बघितला. नाहीच.

दरवर्षी घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा कृष्णेवर न्यायची ती आईच. कचेरीतून रजा काढून. भिजलेली वाकळ दोघींना उचलत नाही. ती दगडावर आपटून, पिळून, वाळवंटात पसरून ठेवायची आणि संध्याकाळी हात वर होत नसत तिचे. धुवायला ती, पांघरायला सगळे, आणि आत तिलाच जागा नाही. दुपारी मला फार रडू आलं. आईसाठीच रडले असं म्हणते आहे. माझ्या सासरच्या घरातलं काही मनात आलं, ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी पुन्हा तीच वाकळ पुढ्यात घेतली, पण या वेळी शिवणारीच्या नजरेनं. फ्रॉक पहिलीतला, म्हणजे वाकळ 1978 च्या पुढेमागे शिवलेली. तेव्हा आई काय नेसायची? डोळ्यांपुढे येतात त्या सगळ्या नायलॉनच्या, पॉलिएस्टरच्या. रात्री धुवायची, परसातल्या दोरीवर टाकायची, सकाळी वाळलेली तयार. खळ नको, इस्त्री नको. साडेसातची एसटी गाठायची होती तिला. आणि अक्का असलं कापड वाकळेत घालूच देत नसत. आता मी स्वतः शिवते म्हणून कळतं, त्यांचं बरोबर होतं. ते कापड थरात जागेवर बसत नाही, सरकतं, टाक्याला चुण्या पडतात. सुती लुगडं धुऊन धुऊन मऊ होतं, हे वर्षानुवर्षं तसंच राहतं. घामही टिपत नाही. 100 ग्रॅम सूत हवेतला 8 ग्रॅमच्या आसपास ओलावा धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. मे महिन्यात अंगणात झोपणारी माणसं असल्या वाकळेवर तळमळली असती.

हे उमगल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, घटकाभर. मग आठवलं, आईचे परकर तर सुती होते. ते का नाहीत? पुन्हा तोच काटा.

शेवटी आत्याला फोन लावला. आधी तिनं गुडघ्यांचं सांगितलं, मग म्हणाली, "अगं, वहिनीचे परकर कुठले वाकळेपर्यंत पोचायला? फाटले की ती ठिगळ लावायची. ठिगळाचंही फाटलं की स्टोव्ह पुसायला. अक्का मागायच्या तिच्याकडे, ती म्हणायची, अजून चालतोय." मग थोडं थांबून, "तुमच्या दोघांच्या फिया होत्या ना तेव्हा."

यावर मी काही बोलले नाही.

म्हणजे अक्कांनी मागितलं होतं. एवढं एक वाक्य दिवसभर कुणी सांगितलं असतं तर. तरी तिथे आईचं काही असतं तर मला आवडलं असतं, ते तेवढं राहणारच. आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, त्यात काय बघायचंय, दुरुस्त कर आणि वापर.

तर अक्कांची वाकळ तशीच दुरुस्त करणार. कडेला जुन्या सुती साडीची पट्टी, दोरा त्याच जाडीचा. आईचं त्यात आता मुद्दाम काही घुसडायचं नाही. तिच्या साड्या माझ्याकडे ट्रंकेत आहेत, एकीचाही रंग उडालेला नाही. त्यांची वेगळी शिवायची. आत मांजरपाटाचे दोन थर, वर-खाली साडी, बारीक सुई, आणि कच्चे टाके चार-चार बोटांवर, म्हणजे कापड सरकायचं नाही. उन्हाळ्यात कामाची नाही, पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत चालेल. मांजरपाट रविवार पेठेतून आणायचा आणि शिवायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवायचा, नाहीतर पहिल्या धुण्याला तो आटेल, साडी आटणार नाही आणि सगळीकडे फुगे येतील. मोरपंखी खालच्या अंगाला, जांभळी वर. जांभळी ती पगाराच्या दिवशी नेसायची.