आमची वाटचाल : थकलेली व्हाउचरं

आमची कचेरी न्यू जर्सीत, नेवार्कच्या फेडरल कोर्टापासून चालत दहा मिनिटांवर आहे. दोन वकील, एक पॅरालीगल (वकिलांचा कायदा-मदतनीस), दोन खोल्या. काम एकच, फेडरल फौजदारी खटल्यांत आरोपीचा बचाव. २००९ साली सुरुवात केली तेव्हा ओळखीतला जो तो सांगायचा, घरांची क्लोजिंग (खरेदी-विक्रीचे कागद) घ्या, इमिग्रेशन घ्या, नुसत्या फेडरल केसेसवर भाडं निघणार नाही. भाडं निघालं. मधल्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सांगायचं आहे ते २०२५ च्या उन्हाळ्याबद्दल. त्या काही महिन्यांत कचेरीला कुलूप लागायचं थोडक्यात वाचलं.

आमचं निम्मं काम सीजेए पॅनलचं असतं. १९६४ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टप्रमाणे ज्याला वकील परवडत नाही त्याला कोर्ट वकील देतं. तो एकतर फेडरल डिफेंडरच्या कचेरीतला पगारी वकील असतो, नाहीतर पॅनलवरचा आमच्यासारखा खासगी वकील. खासगी वकिलाने सहा-सहा मिनिटांचा हिशेब ठेवायचा, तो ईव्हाउचर या कोर्टाच्या ऑनलाइन बिल-व्यवस्थेवर चढवायचा, न्यायाधीशांनी तपासून मंजूर करायचा आणि मग पैसे यायचे. २०२५ मध्ये दर तासाला १७५ डॉलर होता. खासगी फीच्या मानाने कमीच, पण दर महिन्याला भरवशाचा.

३ जुलै २०२५ ला देशभरच्या पॅनल वकिलांसाठीचा निधी संपला. व्हाउचर मंजूर होत होती, पैसे येत नव्हते. नव्या आर्थिक वर्षात, म्हणजे १ ऑक्टोबरनंतर, मिळतील असं सांगितलं गेलं, आणि नेमका १ ऑक्टोबरलाच सरकारचा शटडाउन (निधीअभावी कामबंद) सुरू झाला. तो १२ नोव्हेंबरला संपला. एवढ्या काळात खटले मात्र थांबले नव्हते. तारखा पडत होत्या, अशिलं तुरुंगात होती, ब्रीफच्या मुदती होत्या. आमच्या केसेसमधला तपासनीस आणि दुभाषी यांचीही बिलं त्याच निधीतून यायची, तीही अडकली. २०१३ मध्ये दर १२५ वरून ११० वर आणला तेव्हा आम्ही कुरकुर केली होती. या वेळी दर कागदावर होता आणि हातात शून्य. क्रेडिट लाइन संपली, दोघा वकिलांनी पगार घेणं बंद केलं, पॅरालीगलचा पगार मात्र एकदाही चुकवला नाही.

त्या महिन्यांत आमच्या ट्रस्ट अकाउंटमध्ये खासगी अशिलांची आगाऊ फी पडून होती. आपल्याच कचेरीच्या नावाचं खातं, आणि त्यातल्या डॉलरला हात लावायचा नाही. न्यू जर्सीत १९७९ च्या विल्सन निकालापासून अशिलाचे पैसे जाणूनबुजून वापरले की वकिलाची सनद जवळजवळ नक्की जाते, मग ते परत भरलेले असोत वा नसोत. आम्ही हात लावला नाही. वकील नेमणाऱ्याने मात्र एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. आगाऊ फी ट्रस्टमध्ये राहील असं करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर न्यू जर्सीतला वकील ती आपल्या धंद्याच्या खात्यात भरू शकतो. तेव्हा ते वाक्य लिहून घ्या. फी तासावर की ठोक, ठोक असेल तर कुठपर्यंतची (इंडाइटमेंट म्हणजे आरोपपत्रापर्यंत, प्ली म्हणजे गुन्हा कबूल करण्यापर्यंत, की ट्रायलसकट), उरलेली परत कधी मिळणार, तज्ज्ञांचा खर्च वेगळा की आत, हे सगळं सहीच्या आधी कागदावर हवं. 'सुटलात तरच फी' असा करार फौजदारी केसमध्ये करताच येत नाही, आणि असं बोलणाऱ्या वकिलाकडून उठून यावं. रोख दहा हजार डॉलरच्या वर दिलीत तर वकिलाला आयआरएसकडे, म्हणजे आयकर खात्याकडे, फॉर्म ८३०० भरावा लागतो, तोही देणाऱ्याच्या नावासकट. आणि पैसा गुन्ह्यातून आलेला आहे असं सरकारने सिद्ध केलं तर तो वकिलाकडूनही काढून घेता येतो; सुप्रीम कोर्टाने हे १९८९ मध्येच सांगितलं आहे. स्वच्छ पैसा मात्र वकील नेमण्याच्या आड येईल असा गोठवता येत नाही, हे २०१६ च्या लुईस निकालाने ठरलं. म्हणून पैसे कुठल्या खात्यातून देता याचा माग स्वच्छ ठेवा.

आम्ही तगलो त्यात एडिसनच्या एका मराठी सीपीए (सनदी हिशेबनीस) काकांचा मोठा वाटा आहे. सुरुवातीपासून तेच आमच्याकडे माणसं पाठवत आले. त्याबद्दल त्यांना एक डॉलर दिलेला नाही, नियमाने देताच येत नाही. त्या ऑगस्टमध्ये ते तीन शनिवार आमच्या खोलीत बसले, येणं-देणं आठवड्या-आठवड्याने मांडलं आणि घरमालकाशी भाड्याची मुदत बोलून घेतली. त्यांच्याकडचा माणूस आमच्याकडे नेहमी वेळेत पोचतो, हे आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. फेडरल तपासाचे एजंट दारात आले असं कळलं की काका त्या माणसाला एकच वाक्य पाठ करायला लावतात : "माझे वकील तुम्हाला फोन करतील, कार्ड देऊन ठेवा." त्यांना एक गोष्ट नीट ठाऊक आहे. अशिलाने हिशेबनिसाला सांगितलेल्या गोष्टीला फौजदारी केसमध्ये वकील-अशील गुप्ततेचं संरक्षण नसतं. म्हणून ते स्वतः काही विचारतच नाहीत. आकड्यांचं काम करायचं झालं तर आम्ही दुसरा हिशेबनीस आमच्यातर्फे नेमतो, कोव्हेल पत्र करून. १९६१ च्या कोव्हेल निकालाप्रमाणे वकिलाला सल्ला देता यावा म्हणून नेमलेल्या हिशेबनिसाशी झालेलं बोलणं त्या संरक्षणात येतं. जुना सीपीए उद्या साक्षीदार होऊ शकतो, त्याला या कामाला लावू नये.

हेच मेहुण्यांचं. आपल्याकडे वकिलाकडे जाताना घरातलं कुणीतरी जाणतं माणूस सोबत येतं. त्याला बाहेरच्या खोलीत बसवा. तिसरा माणूस आत बसला की त्या बोलण्याची गुप्तता धोक्यात येते. फी मेहुण्यांनी भरली तरी अशील तुम्हीच.

आता ज्या गोष्टीने आजही झोप उडते ती सांगतो. आपल्या समाजाच्या कार्यक्रमांत ज्यांचा फलक सगळ्यात मोठा असतो अशा एका कचेरीने आमच्याकडे यायला निघालेला एक माणूस आपल्याकडे वळवला. तिथे ट्रॅफिकच्या तिकिटापासून घटस्फोटापर्यंत सगळं होतं. त्या माणसाला टार्गेट लेटर, म्हणजे 'तपासाचा रोख तुमच्यावर आहे' असं सरकारी वकिलाचं पत्र, आलं होतं. 'कोर्टाकडून फुकटात केसेस घेणारे' असा आमचा उल्लेख तिथे झाला, आणि चार्ज लागणारच नाही अशी खात्री दिली गेली. मग त्याला सरकारी वकिलाच्या कचेरीत 'सगळं खरं सांगून मोकळे व्हा' म्हणून नेलं, कसलंही प्रॉफर पत्र न घेता. पत्र असतं तर त्याचं बोलणं सरकारला आपली बाजू मांडताना थेट त्याच्याविरुद्ध वापरता आलं नसतं. पत्र असलं तरी सगळं झाकत नाही : बोलण्यातून मिळालेला धागा पकडून नवा पुरावा काढता येतो, आणि पुढे वेगळं बोललात तर ते बोलणं समोर येतं. त्याच्याकडे तेवढंही नव्हतं. दोन तासांत तो काय बोलला ते एजंटने लिहून घेतलं. रेकॉर्डिंग नव्हतं.

एफबीआयच्या या टिपणाला एफडी-३०२ म्हणतात, नुसतं 'तीनशे दोन'. आपल्याकडे तीनशे दोन म्हटलं की जुन्या दंडसंहितेतलं खुनाचं कलम आठवतं; इथे तो नुसता मुलाखतीचा अहवाल, पण माणूस त्यातच अडकतो. आपण मराठीत विचार करून इंग्रजीत बोलतो. "माझ्याकडून राहून गेलं" याचं इंग्रजी घाईत करताना "मी चूक केली" असं होतं, आणि अहवालात "चूक केल्याचं मान्य केलं" असं उतरतं. शिवाय फेडरल एजंटला जाणूनबुजून महत्त्वाची खोटी गोष्ट सांगणं हा स्वतंत्र गुन्हा, कलम १००१, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मूळ आरोप टिकला नाही तरी हा टिकू शकतो. तो माणूस शेवटी आमच्याकडे आला, तेव्हा इंडाइटमेंट होऊन महिना उलटला होता. चार्ज लावायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या ग्रँड ज्युरीत १६ ते २३ जण असतात, १२ जणांचं मत पडलं की चार्ज लागतो, आणि आत बचावाचा वकील नसतो. आमचं जे काही चालतं ते त्याच्या आधी. ते आधीचे महिने गेले ते गेलेच.

म्हणून वकील निवडताना फलक पाहू नका. या डिस्ट्रिक्टच्या फेडरल कोर्टात तुमचं नाव दाखल आहे का, हे विचारा; राज्याची सनद वेगळी, ही वेगळी. गेल्या तीन वर्षांतल्या तीन फेडरल केसेसचे नंबर मागा आणि पेसर या फेडरल कोर्टांच्या वेबसाइटवर स्वतः बघा. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरच्या आत राहिलात तर काहीच नाही. अर्ज कुणी लिहिले, सेंटेन्सिंग मेमो (शिक्षेबद्दलचं लेखी म्हणणं) किती पानांचा, सुनावणीला कोण उभं राहिलं, सगळं दिसतं. सीजेए पॅनलवर आहात का, हेही विचारा. पॅनलचा वकील त्या न्यायाधीशांसमोर वारंवार उभा राहिलेला असतो. डिफेंडरच्या कचेरीबद्दलही तेच. दिवसभर फक्त फेडरल केसेसच करणारी माणसं आहेत ती, त्यांना कमी लेखून घर गहाण टाकू नका.

कचेरीत आल्यावर लोक पुस्तकांच्या कपाटाकडे बघतात. आमची खरी हत्यारं टेबलावर असतात. सरकारकडून डिस्कव्हरी, म्हणजे त्यांच्याकडचा पुरावा, येते ती कुलूपबंद हार्ड ड्राइव्हवर, कधी लाखो पानं, प्रत्येक पानाला बेट्स नंबर (पानाचा ओळख-क्रमांक). आमच्या पॅरालीगलने आठ रकान्यांची एक तारीखवार यादी बसवली आहे : तारीख, वेळ, कोण, कुणाला, काय, बेट्स नंबर, आपल्या बाजूचं की विरुद्ध, आणि 'अजून काय मागायचं'. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सरकारने काय दिलं नाही ते त्यातूनच कळतं, आणि आरोपीच्या फायद्याचा पुरावा सरकारने दिलाच पाहिजे, या १९६३ च्या ब्रेडी निकालावर आधारलेली मागणी तिथून तयार होते. दुसरं हत्यार म्हणजे शिक्षा मोजायच्या गाइडलाइन्सचं मॅन्युअल, चिकटपट्ट्या लावून फुगलेलं. गुन्ह्याच्या ४३ पातळ्या, आरोपीच्या गुन्हेगारी पूर्वेतिहासाचे ६ वर्ग. २००५ पासून ते बंधनकारक नाही, पण प्रत्येक न्यायाधीशाला हिशेब तिथूनच सुरू करावा लागतो. फसवणुकीच्या केसमध्ये पातळी नुकसानीच्या रकमेवर चढते, म्हणून रकमेवरचा वाद हाच बरेचदा शिक्षेवरचा वाद असतो. फेडरलमध्ये दहापैकी नऊच्या आसपास आरोपी प्ली करतात. अशा वेळी आकड्यावर न भांडणारा वकील निम्मी केस सोडून देतो.

एच-वन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर आणखी एक आकडा, दहा हजार डॉलर. फसवणुकीत नुकसान त्याहून जास्त ठरलं तर इमिग्रेशन कायद्यात तो 'ॲग्रव्हेटेड फेलनी', म्हणजे हद्दपारी ओढवणारा गंभीर गुन्हा, होतो, एक दिवसही तुरुंगात न जाता. २०१० च्या पडिया निकालाने हद्दपारीचा धोका सांगणं वकिलाचं कर्तव्य ठरवलं. प्लीच्या कागदातली रकमेची ओळ इमिग्रेशनच्या वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नका. आम्ही ती ओळ दर वेळी बाहेरून तपासून घेतो, त्याचा खर्च करारात आधीच लिहिलेला असतो.

शटडाउन संपल्यावर व्हाउचरं हळूहळू सुटली. आमच्या हातात पैसा आल्यावर आधी भाड्याची बाकी दिली, मग क्रेडिट लाइन. आम्ही पॅनल सोडलेलं नाही.

आमच्याकडे किंवा कुणाकडेही पहिल्यांदा जाताना टार्गेट लेटर किंवा सबपीना (कागद वा साक्षीसाठीचं समन्स) पाकिटासकट आणा. पाकिटावरची तारीख लागते. पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद), ग्रीन कार्ड आणा. फोनमधलं, ईमेलमधलं काही पुसू नका. तपासात अडथळा आणण्यासाठी कागद नष्ट करण्याला वीस वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मूळ आरोपापेक्षा कधी जास्त. आणि एजंटने दारात दिलेलं कार्ड फेकू नका. त्यावर एफबीआय आहे, आयआरएस आहे की आरोग्य खात्याचे इन्स्पेक्टर जनरल, यावरून आम्ही पहिला फोन करण्याआधीच अर्धा तपास ओळखतो.