तिन्ही वेळचं जेवण, खोलीत

यादीतलं दुसरं कलम डोक्यातून जात नाही. पहिलं कपडे नीट ठेवण्याचं. तिसरं खोल्या आवरलेल्या असण्याचं, त्यातही लिहायच्या टेबलाला हात न लावण्याचं. मधलं हे: तिन्ही वेळचं जेवण मला माझ्या खोलीत, नियमित मिळेल हे तू बघशील.

१९१४ च्या जुलैत बर्लिनमध्ये आइन्स्टाइनने बायकोला, मिलेव्हाला, हे लिहून दिलं. पुढे आणखी आहे. माझ्याकडून जिव्हाळ्याची अपेक्षा ठेवायची नाही. सांगितलं की बोलणं थांबवायचं. खोलीतून जा म्हटलं की निमूट जायचं. तिने आधी हो म्हटलं आणि मग महिना संपायच्या आत दोन्ही मुलांना घेऊन झुरिकची गाडी धरली.

काल जेवताना धाकटीने फोनवरून ही यादी वाचून दाखवली, तीही आकाशवाणीच्या बातम्यांच्या आवाजात. सगळे हसले. हाही, म्हणजे नवरा, हसला. मी तेव्हा भाऊंचा, म्हणजे सासऱ्यांचा, दुसरा फुलका तव्यावर टाकायला उठले होते, गरम गरम वर न्यायचा म्हणून. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. हेच सलतंय. कुणाच्याच आलं नाही.

भाऊंचे गुडघे दुखतात, मान्य. पण गुडघे धड होते तेव्हाही ताट वरच जायचं. आई होत्या तोवर आई न्यायच्या. जिन्याच्या वळणावर आमटी हमखास डचमळते, म्हणून वाटी पाऊणच भरायची आणि उरलेली दुसऱ्या खेपेला न्यायची, हे मी त्यांच्याकडूनच उचललं. वर भाऊ नोट्स काढत असायचे. अजूनही त्यांच्या हाताखालून गेलेले इंजिनियर रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करतात. त्यांना. मी शेजारी पिशवी धरून उभी. माझ्या राहून गेलेल्या कामाबद्दल या रोजनिशीत आधी लिहून झालंय, पुन्हा उगाळत नाही.

बरं, रागच धरायचा तर आइन्स्टाइनवर धरायला मोठी कारणं आहेत की. २ ऑगस्ट १९३९ चं, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टना अणुबॉम्बबद्दल गेलेलं पत्र. डोकं झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाचं, सही याची, कारण वजन याच्या नावाला. प्रत्यक्ष बॉम्बच्या कामात त्याला घेतलंही नाही, लष्कराला तो भरवशाचा वाटत नव्हता. पण त्या सहीचा पस्तावा त्याने पुढे बोलून दाखवला. आणि खरं सांगायचं तर त्या पत्रापायी माझी झोप कधी उडालेली नाही. १९२२ च्या प्रवासातल्या त्याच्या रोजनिशीत चिनी लोकांबद्दल वाचवत नाही असं काय काय आहे, तेही मी वाचून बाजूला ठेवलं. रोजनिशीत माणूस काय वाटेल ते लिहितो, मला विचारा.

आणि याच माणसाने १९३७ मध्ये मेरियन अँडरसनला, काळी म्हणून प्रिन्स्टनच्या हॉटेलने खोली नाकारलेल्या एवढ्या मोठ्या गायिकेला, स्वतःच्या घरी उतरवून घेतलं. १९४६ मध्ये पेनसिल्वेनियातल्या लिंकन विद्यापीठात, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपुढे, वर्णद्वेष हा गोऱ्यांना जडलेला रोग आहे असं सांगितलं. तेव्हाच्या अमेरिकेत हे बोलायला छाती लागायची. एफबीआय त्याच्या नावाची फाईल फुगवत होतीच.

हे वाचलं की ऊर भरून येतो. आणि लगेच मनात येतं, त्या रात्री अँडरसनबाईंचं पान कुणी वाढलं असेल? दुसरी बायको, एल्सा, काही महिन्यांपूर्वीच गेलेली. म्हणजे बहुधा हेलन ड्युकासने. १९२८ पासूनची सेक्रेटरी, पुढे घरही तीच बघायची. आता असल्या शंका यायला लागल्यात, काय करू!

धाकटी म्हणाली, “अगं आई, रिलेटिव्हिटी अर्धी मिलेव्हाचीच होती म्हणतात.” म्हणतात खरं. झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दोघं एकाच वर्गात होती, ती शेवटची परीक्षा दोनदा नापास झाली, दुसऱ्यांदा तर पोटुशी असताना. पण शोधनिबंधात तिचा हात होता याला भक्कम पुरावा नाही. मी तसं सांगितलं तर धाकटी हिरमुसली. मला मात्र त्यावरूनच चिडायला झालं. हातात ताट घेऊन दारात उभं राहायला लागू नये, एवढ्यासाठी बाईने निम्मी सापेक्षता स्वतः शोधलेली असावी लागते का? नुसती बायको असून भागत नाही?

ती झुरिकला निघून गेल्यावर सव्वा वर्षाने, १९१५ च्या नोव्हेंबरात, त्याने गुरुत्वाकर्षणाची समीकरणं पुरी केली. त्यांतून भाकीत झालेल्या गुरुत्वीय लहरी शंभर वर्षांनी, २०१५ मध्ये, अमेरिकेत सापडल्या, आणि आता त्यांच्याच मागावर आपल्या हिंगोलीत, औंढा नागनाथच्या बाजूला लायगोची वेधशाळा उभी राहतेय. त्या नोव्हेंबरात त्याला वेळेवर कोण वाढत होतं कोण जाणे. दोन वर्षांत पोट बिघडून अंथरूण धरलंच. तेव्हा एल्साने सांभाळलं.

आज संध्याकाळी मी जाहीर केलं, चूल बंद. ह्याने मुकाट्याने पावभाजी मागवली. डिलिव्हरीचा मुलगा आमच्या बोळातनं, जिथे पोस्टमनही चुकतो, बरोब्बर फाटकाशी येऊन थांबला. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. वेगाने ७ मागे पडतात, गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ पुढे. ही वजाबाकी मी फळ्यावर कितीदा केलीय. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरून केलेली ही दुरुस्ती नसती तर चूक दिवसाला कित्येक किलोमीटरने साचत गेली असती आणि पावभाजी तिसऱ्याच गावात. डबा हातात घेतला आणि एकटीच फिसकन हसले. म्हणजे शेवटी एक वेळचं जेवण तरी या गृहस्थाने स्वतः घरपोच केलं म्हणायचं! भाऊंनी प्लॅस्टिकच्या डब्यातूनच खाल्लं, कुरकुर नाही, उलट आणखी एक लिंबाची फोड मागवली. नेऊन दिली ह्याने. हे आधीही जमलं असतं, पण... असो.

मिशेल बेसो, त्याचा तरुणपणापासूनचा मित्र, १९५५ च्या मार्चमध्ये गेला. आइन्स्टाइनने त्याच्या घरच्यांना लिहिलं की बेसोचं मला सर्वांत कौतुक वाटायचं ते एकाच बाईबरोबर सुखाने, जुळवून संसार केल्याचं. मला ते दोनदा जमलं नाही, आणि तेही लाज वाटावी इतकं. महिनाभराने तोही गेला. मिलेव्हाला जाऊन तोवर सात वर्षं होत आली होती. पत्र तिच्यापर्यंत पोचलंच नसतं. तरी लिहिलं खरं. आमच्याकडे तेवढंही कुणी... जाऊ दे, आज भाऊंवर नाही लिहायचं.

उद्या बारावीला फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट आहे, प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात तो. नोबेल मिळालं ते रिलेटिव्हिटीसाठी नाही, मुख्यतः या धड्यासाठी, हे मी दरवर्षी सांगते आणि पोरं माना डोलावतात. या वेळी पुढचंही सांगणार. त्या बक्षिसाची रक्कम घटस्फोटाच्या अटींप्रमाणे मिलेव्हाकडे गेली. तिने झुरिकमध्ये घरं घेतली आणि धाकट्या मुलाच्या मानसिक आजाराच्या खर्चापायी पुढे त्यातली काही विकावी लागली. परीक्षेला येणार का मॅडम, असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारेलच. नाही येणार म्हणेन, पण लिहून घ्या.