बागेतलं ब्लूग्रास

शुक्रवार, रात्री

दुपारी दोनलाच काम आवरलं आणि आईला घेऊन फुल्टन रस्त्याची पाच नंबरची बस पकडली. ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी या बसमध्ये सतरंज्या, घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि एखाद-दुसरी गिटार अशी दाटी असते. चढल्या चढल्या आईने विचारलं, "हे सगळे तिकडेच का गं?" सगळे तिकडेच.

आई याआधी सॅन फ्रान्सिस्कोला येऊन राहिलेली आहे, पण दरवेळी मे-जूनमध्ये. त्यामुळे 'हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास', गोल्डन गेट पार्क या इथल्या मोठ्या बागेतला तीन दिवसांचा संगीत महोत्सव, तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. यंदा मी हट्टच धरला, की आलीस तर सप्टेंबरात ये. फाटकाशी पिशव्या तपासत होते. भडंगाचा डबा उघडून बघितला, हसून परत दिला. पुढे निलगिरीच्या झाडांमधून उतरत असताना आईचे प्रश्न सुरू झाले.

"तिकीट केवढ्याला पडलं?"

"तिकीट नाहीये."

"पास असेल मग."

"पासही नाही. कुणीही यायचं, जागा दिसेल तिथं बसायचं."

"पुढच्या खुर्च्या तरी राखीव असतीलच की."

मंचाच्या अगदी लगत कलाकारांच्या आणि आयोजकांच्या माणसांसाठी थोडी जागा असते, बाकी सारं गवत सगळ्यांचं. सोफा, खुर्ची, भारतीय बैठक या क्रमाने गाण्याचं गणित मांडणाऱ्या पुणेकर बाईला हे पटायला अर्धा तास लागला. मग मात्र तिने चपला काढून सतरंजीखाली सरकवल्या, शाल मांडीवर घेतली आणि नीट मांडी घालून बसली. आज फारसं काही लिहिण्यासारखं ऐकलं नाही. वारा सुटला होता. उद्या तिच्यासाठी कानटोपी न्यायची.

शनिवार, रात्री

आज सकाळीच गेलो. इथली एक पद्धत मला फार आवडते: लोक सकाळी येऊन सतरंज्या अंथरून ठेवतात आणि दुसऱ्या मंचाकडे ऐकायला निघून जातात. मालक परत येईपर्यंत त्या सतरंजीवर कुणीही टेकावं, आला की हसून उठावं. एकाच वेळी अनेक मंचांवर कार्यक्रम चालतात, प्रत्येकाला नाव आहे, बँजो, रूस्टर अशी. एकीकडचा ढोल दुसरीकडे ऐकू येऊ नये म्हणून मध्ये झाडी आणि चढउतार कामी येतात.

बँजो मंचाकडे जाताना वाटेत एक आजोबा झाडाला टेकून एकटेच बँजो वाजवत बसले होते. गर्दी त्यांच्याभोवती नव्हतीच, येणारे-जाणारे क्षणभर थांबायचे आणि पुढे व्हायचे. आई थांबली ती थांबलीच. आयुष्यभर सतार शिकवलेली बाई, ती वाजवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, हाताकडे बघते. अंगठ्यात प्लास्टिकची नखी, तर्जनी आणि मधल्या बोटात पत्र्याच्या. तीन बोटं अशी फिरत होती की कोणती तार कधी वाजली ते डोळ्यांना कळेना, कानांना मात्र प्रत्येक स्वर सुटा कळत होता.

"ती वरची तार बघ," आई म्हणाली. "अर्ध्यातनंच सुरू होतेय."

खरंच. बँजोच्या चार तारा दांडीच्या टोकापर्यंत जातात, पाचवी आखूड असते. ती पाचव्या पडद्यापाशी, दांडीच्या बाजूला बसवलेल्या खुंटीपासून निघते. ती सगळ्यांत उंच स्वरात लावलेली असते आणि अंगठा तिला मधूनमधून छेडत राहतो. सूर कुठंही जावो, हा एक स्वर कायम झणझणत असतो.

"चिकारी आहे ही," आई म्हणाली. मला म्हणाली नाही, आजोबांनाच म्हणाली, मराठीत. चिकारी म्हणजे सतारीची मधूनमधून छेडायची बाजूची तार. मी भाषांतर केलं, सतारीच्या दांडीला बाजूने असलेल्या खुंट्यांचं हाताने चित्र काढून दाखवलं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि सरळ बँजो तिच्या मांडीवर ठेवला. तिने आधी कातड्यावर बोट टेकवून बघितलं. हल्ली बहुतेक ते प्लास्टिकचंच असतं, खंजिरीसारखं ताणून बसवलेलं. मग पाचवी तार छेडली, पुन्हा छेडली, आणि खालच्या तारेवर मींड घ्यायला गेली. तार जेमतेम एका स्वराएवढी ओढली गेली. "पडदे अगदी बुटके आहेत," ती म्हणाली आणि वाद्य दोन्ही हातांनी परत दिलं, आपण घरात देतो तसं, कपाळाला लावून. आजोबा बघतच राहिले.

मी तिला सांगितलं, की हे वाद्य मुळात इथलं नाही. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं चढवून, त्याला दांडी जोडून ते कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत पुन्हा घडवलं. गोऱ्या डोंगराळ मुलखात ते फार पुढे पोचलं. "म्हणजे मूळ भोपळाच की," आई म्हणाली, आणि दिवसभर हेच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

ब्लूग्रास, म्हणजे बँजो, फिडल (व्हायोलिन), गिटार, मॅंडोलिन यांच्यावरचं इथलं गावरान संगीत, तसं तरुण आहे. केंटकीच्या बिल मन्रोने आपल्या बँडला गावाकडच्या गवताचं नाव दिलं होतं, ते पुढे सगळ्या शैलीलाच चिकटलं. १९४५च्या शेवटी त्या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज हा नॉर्थ कॅरोलायनाचा तरुण आला, आणि तीन बोटांचं हे वेगवान वादन त्याने असं रुजवलं की आजही शिकणारे त्याच्याच वाटेने जातात. स्क्रग्ज म्हातारपणी या बागेतही वाजवून गेला. ते मला ऐकायला मिळालं नाही याची चुटपुट आहे.

दुपारी एका बँडने जुन्या रिवाजाने एकच माइक मधोमध ठेवून गायला सुरुवात केली. पाच माणसं, एक माइक. ज्याची पाळी तो पुढे येणार, मॅंडोलिन छातीशी उंच धरून माइकपाशी वाकणार, बाकीचे अर्धं पाऊल मागे. फिडलवाला येताना गिटारवाला खांदा वळवून वाट देतो. गायकाचा समेचा शब्द आला की चौघंही डोकी जवळ आणतात आणि आवाज एकदम दाटतो. कुणी बटण फिरवत नाही, आवाज कमी-जास्त होतो तो पावलांनी. आईने मान हलवली आणि "वा!" म्हणाली, इतक्या मोठ्याने की पुढच्या सतरंजीवरच्या दोघी वळून हसल्या. पुढच्या जागेला त्यांनीही मोठ्याने दाद दिली.

हे सगळं फुकट का, हा आईचा कालचा प्रश्न आज जेवताना पुन्हा निघाला, तेव्हा मी तिला वॉरन हेलमनची गोष्ट सांगितली. मला ती मनापासून आवडते. हेलमन हा इथला बडा गुंतवणूकदार. १९८४मध्ये भागीदाराबरोबर काढलेल्या कंपनीतून अफाट पैसा केलेला. बँजोचं वेड, तेही उतारवयात स्वतः शिकण्याइतकं. २००१ साली त्याने गोल्डन गेट पार्कमध्ये स्वतःच्या खर्चाने ब्लूग्रासचा महोत्सव भरवला. जाहिराती नाहीत, प्रायोजक नाहीत, तिकीट नाही. पहिली काही वर्षं नाव होतं 'स्ट्रिक्टली ब्लूग्रास', म्हणजे निव्वळ ब्लूग्रास. मग बाकीचेही गायक-वादक येऊ लागले, तेव्हा पुढे 'हार्डली', म्हणजे 'फारसं नाही', जोडलं.

आणि त्याला सगळ्यांत जास्त कोण हवं होतं? हेझल डिकन्स. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या मुलखातली, खाणकामगारांच्या घरातली. काळ्या फुफ्फुसाच्या रोगाने भाऊ गेला, त्यावर तिने गाणं केलं. खाणमालकांविरुद्ध, संपावरच्या कामगारांसाठी, बायकांच्या कष्टांवर तिने अशा कडक आवाजात गाणी म्हटली की ऐकताना आपण सरळ होऊन बसतो. आता या दोघांची कल्पना करा: आयुष्यभर भांडवल हाताळणारा माणूस आणि आयुष्यभर भांडवलाच्या विरोधात गाणारी बाई. ती २०११च्या एप्रिलमध्ये जाईपर्यंत या महोत्सवात येत राहिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हेलमन आपल्या 'राँगलर्स' बँडबरोबर बँजो घेऊन मंचावर होता, आणि डिसेंबरात ल्युकेमियाने तोही गेला. जाण्याआधी त्याने पैशाची अशी तजवीज करून ठेवली की आपल्यामागेही हे चालू राहावं. चालू आहे. कोविडच्या साथीच्या २०२० आणि २०२१ या वर्षांत ते फक्त ऑनलाइन दिसलं, २०२२ला पुन्हा गवतावर आलं. ज्या मैदानाला आधी स्पीडवे मेडो म्हणत, त्याचं नाव आता हेलमन हॉलो आहे.

आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती कोळशावाली बाई त्याच्याशी बोलायची का नीट?" मी म्हटलं, मैत्री होती. "मग बरं," ती म्हणाली.

रविवार, रात्री उशिरा

पाय दुखताहेत, डोळ्यांत धूळ गेलीय, आणि तरीही झोपावंसं वाटत नाही.

आज सकाळी कडक ऊन होतं. इथं खरा उन्हाळा सप्टेंबर-ऑक्टोबरातच येतो. चारच्या सुमारास समुद्राकडून धुकं आत शिरायला लागलं आणि दहा मिनिटांत सगळ्यांच्या अंगावर स्वेटरं आली. ही सगळी जमीन दीडशे वर्षांपूर्वी नुसते वाळूचे ढिगारे होती. विल्यम हॅमंड हॉलने वाळू बांधून धरायला आधी जव आणि ल्युपिन पेरलं, त्यावर माती धरली, मग झाडं. पुढे जॉन मॅकलारेनने पन्नासहून जास्त वर्षं ही बाग सांभाळली, १९४३मध्ये मरेपर्यंत. 'गवतावर चालू नये' ही पाटी त्याला खपत नसे असं सांगतात. आज हजारोंच्या संख्येने माणसं त्या गवतावर लोळत होती, पोरं गडगडत होती, एक जोडपं तान्ह्या बाळाला दुपट्यावर टाकून नाचत होतं.

याच बागेत दर ऑगस्टला आणखी एक मोठा महोत्सव होतो, 'आउटसाइड लँड्स'. त्याचं तिकीट शेकडो डॉलरचं असतं. चांगले कलाकार येतात, शहराला पैसाही मिळतो. मी त्याच्या विरोधात नाही. पण त्या दिवसांत कुंपणाबाहेरून चालताना ही बाग आपली नाही असं वाटतं, आणि ते मला सहन होत नाही. सार्वजनिक बागेतलं गाणं रस्त्यावरच्या माणसाला आत येऊ देणारंच असावं, असं माझं ठाम मत आहे. परवा बसमध्ये आमच्यासमोर एक माणूस बसला होता, अंगावर थरांवर थर कपडे, सगळं सामान एका ढकलगाडीत. आज तो बँजो मंचापाशी दिसला, आमच्यापेक्षा कितीतरी पुढे, डोळे मिटून, ताल अचूक धरलेला. या शहरात हजारो माणसं उघड्यावर झोपतात. त्यांच्यातल्या एकाला तीन दिवस कुणी उठ म्हटलं नाही, ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

बहुतेक वर्षी रविवारचा शेवट एमिलू हॅरिस या ज्येष्ठ गायिकेच्या गाण्याने होतो. पांढरे केस, हातात मोठी गिटार. आवाज आता थोडा विरळ झालाय, पण शब्द कुठं सोडायचा हे तिला असं ठाऊक आहे की त्या विरळपणाचंही गाणं होतं. सात वाजता सगळं संपतं, अंधार पडायच्या आत. आई म्हणाली, "आमच्याकडे तर सातला रंग भरायला सुरुवात व्हायची."

मग घरी परतताना बसमध्ये रमणबागेचा, सवाई गंधर्व महोत्सवाच्या पुण्यातल्या जुन्या जागेचा, विषय निघाला. आई-बाबा लग्नानंतर 'सवाई'ला रात्र-रात्र बसायचे. पहाटे थंडीत चहाचा कप दोन्ही हातांत धरून भीमसेनजींची वाट बघायची. सवाई गंधर्व १९५२मध्ये गेले आणि भीमसेनजींनी, त्यांच्या शिष्याने, १९५३पासून गुरूच्या नावाने हा महोत्सव उभा केला. गाडीने गावोगाव मैफली करत फिरणारा तो गवई दर डिसेंबरात पुण्यात पाय रोवून उभा राहायचा. आता महोत्सव मुकुंदनगरला होतो, रात्रभराचं गाणं ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे मागेच थांबलं. आई आजही जाते. तिचं म्हणणं असं, की तिथंही एका माणसाने ओढ लावली म्हणूनच ते उभं राहिलं. मला ते मान्य आहे. फक्त तिथं तिकीट आहे, आणि माझ्या मते बैठकीचा एक कोपरा तरी कायम मोकळा असायला हवा, शेजारच्या शाळेतल्या शिपायासाठी, रिक्षावाल्यासाठी.

"मोकळं हवं तर दिवाळी पहाट आहे की," आई म्हणाली. सारसबागेत, आणि गावोगावच्या बागांमध्ये. खरं आहे. पहाटे पाचला अभ्यंगस्नान करून नवे कपडे घातलेली माणसं बागेत बसून भावगीतं ऐकतात, याची सर कशालाच नाही. पण मंचावर गायिकेपेक्षा मोठा चेहरा फलकावरच्या नेत्याचा असतो, आणि मध्येच गाणं थांबवून सत्कार सुरू होतात. मी हे बोलले तेव्हा आई जरा फणकारली.

"फलक लावणारा निदान पैसे तरी घालतो. तुझ्या हेलमनसारखे फलक न लावणारे किती काढशील पुण्यात?"

"पैसेवाले आहेत ना भरपूर."

"पैसेवाले आहेत. बँजो शिकणारे आहेत का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन खिचडी टाकली तरी तिचं चालूच होतं. कोथरूडला तिच्या घरामागे महापालिकेची एक छोटी बाग आहे, मध्ये पार आहे. तिच्या जुन्या विद्यार्थिनींपैकी दोघी आता चांगल्या वाजवतात, एकीचा नवरा तबला वाजवतो. संध्याकाळी सहा ते आठ, माइक एकच. परवानगी बागेची वेगळी आणि पोलिसांची वेगळी लागेल, आणि शेजारच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना आधीच भेटून यावं लागेल, कारण ते गणपतीत पण तक्रार करतात. मी म्हटलं, आई, खर्च किती येईल ते लिहून काढू या. तिने वही मागितली, आणि पहिल्या ओळीत सतरंज्यांचं भाडं लिहिलं.