आईच्या सुरीची मूठ

आज लोहारकाकांच्या भट्टीवर दोन तास गेले. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून आईसाठी भाजी चिरायची सुरी करून घेतेय. पातं मागच्या आठवड्यातच झालं होतं, अडलं होतं ते मुठीवर.

मनात सांबरशिंग होतं, आजोबांच्या चाकूला होतं तसं. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि मलाही ते पटेना. म्हशीचं शिंग काळंभोर, देखणं. ओल्या हातातून मात्र सटकतं, आणि आईचा हात सदा ओलाच. शिसवीपाशी खूप रेंगाळले. काय त्या जांभळट रेषा!

शेवटी पिशवीतून बैलगाडीच्या चाकाचा मोडका आरा काढला. बाभळीचा, माळ्यावर तीसेक वर्षं पडलेला. काकांनी नखाने टोकरून पाहिला नि म्हणाले, "ताई, हे असताना दुसरं कशाला? ओलं लाकूड सुकताना आक्रसतं, मूठ खुळखुळते. हे आक्रसायचं तेवढं आक्रसून बसलंय."

रंध्याखाली वरची करडी साल गेली आणि आतून तांबूस गाभा निघाला. आजोबांची गाडी, एकदम भरून आलं. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीला धरून काकांनी भोक पाडलं, त्यात लाख भरली, पात्याचं तापलेलं शेपूट आत ठोकलं. जळक्या लाखेचा वास अजून ओढणीला आहे. वर साम, म्हणजे पितळी कडं.

आईचा हात लहान, म्हणून मूठ दोनदा तासून बारीक करून घेतली. आत्ता जवसाच्या तेलाचा पहिला हात देऊन खिडकीत ठेवलीय.